उन्हात वाचता येईल असा लॅपटॉप

आमच्या ताईला कोणी "बिचारी" म्हटलं की तिच्या डाव्या हाताला खाज सुटते. पूर्वी उजव्या हाताला सुटायची, पण तो हात आता मनगटापुढे तिचं ऐकत नाही. अंगठा आणि पहिलं बोट थोडाफार मान राखतात, उरलेली तिघं रुसून बसली आहेत. त्याबद्दल ती कधी कुरकुर करत नाही. तिचा राग आहे तो लोक तिच्याशी ज्या आवाजात बोलतात त्या आवाजावर. तापाने फणफणलेल्या पोराला औषध पाजताना आपण काढतो, तो आवाज. वर्षभर ती तोच ऐकत होती, आणि तो काढणाऱ्यांत मी काही मागे नव्हतो.

ताई मोटरसायकलच्या शर्यतीत भाग घ्यायची. आठवडाभर सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून क्लचच्या प्लेटा आणि चेन विकायची, आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी सायकलसुद्धा जोरात हाणली नव्हती. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बिलं काढतो. माझा वेग काय तो शिक्का मारण्यात. आई म्हणते, देवाने दोन पोरांत मिळून एकाच्या वाट्याचं धाडस दिलं होतं, ते थोरलीने सगळंच उचललं.

ट्रॅकवर ताईचं नाव होतं ते उशिरा ब्रेक दाबण्यासाठी. सरळ रस्ता संपून वळण येण्याआधी कडेला एक पाटी असते, ब्रेक तिच्याआधी दाबलाच पाहिजे अशी; बाकीचे तिच्या बरेच अलीकडे दाबून मोकळे व्हायचे. ही त्यांच्यानंतर दाबायची. तेवढ्या टीचभर अंतरात दोघातिघांना मागे टाकायची. असं करायला ब्रेकवर डोळे मिटून भरवसा लागतो, आणि तो भरवसा होता मिस्त्रींचा. मिस्त्री म्हणजे टीमचे मेकॅनिक. ताई त्यांना "अहो मिस्त्री" म्हणायची, ते तिला "ए गाढवे" म्हणायचे. भांडल्याशिवाय दोघांचं पान हलत नसे. पण तिच्या गाडीच्या ब्रेकला ते दुसऱ्या कोणाला बोट लावू देत नसत.

गेल्या वर्षी, मागच्या सरळ रस्त्याच्या टोकाला जे वळण आहे, तिथे ती पडली. गाडी कडेला रचलेल्या टायरांत घुसली, ताई मातीत. हेल्मेटने डोकं वाचवलं, पण त्या फेरीची आठवण पार पुसली गेली. तिला आदल्या फेरीतलं वारं आठवतं आणि मग एकदम दवाखान्याचं छत. मधलं काही नाही.

आता तिला जे आठवत नव्हतं ते सांगायला माणसं हजरच होती. टीमचे मालक टायरचे मोठे व्यापारी, मनाने अगदी लोणी. ते खाटेशेजारी बसले, ताईचा बरा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुझी काही चूक नाही बाळा. ब्रेकने दगा दिला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. हात गमावलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार? खाटेच्या पायथ्याशी मिस्त्री उभे होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पुढच्या शर्यतीला ते आले नाहीत. नंतर कळलं, त्यांनी ट्रॅक कायमचा सोडला आणि बाजारामागच्या गल्लीत पाण्याचे पंप दुरुस्त करायला बसले.

म्हणजे ताई उठून बसती झाली तोवर निकाल लागून गेला होता.

"मिस्त्रींचा ब्रेक?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. "त्यांचा ब्रेक दगा देईल?"

"आता तो विषय कशाला," आम्ही म्हणालो, त्या आवाजात.

गाडीचं जे काय उरलं होतं ते टीमने पोत्यात भरून आमच्या घरी पोचवलं. त्यात लॉगर होता. लॉगर म्हणजे सीटखाली बसवलेली काडेपेटीहून थोडी मोठी डबी. गाडी पळत असताना वेग किती, थ्रॉटल किती पिळला, ब्रेकच्या नळीत दाब किती आला, सगळं क्षणाक्षणाला टिपून ठेवते. लॅपटॉपला जोडली की पडद्यावर रेघा उमटतात. गाडी चालवत होती तेव्हा ताईला त्या रेघांचं वावडं होतं. "माझ्या बुडाला कळतं," एवढंच म्हणायची. हात गेल्यावर मात्र तिने इतरांच्या फाइली मागून आणल्या आणि दुकानातल्या जुनाट कॉम्प्युटरवर रेघा वाचायला शिकली. पोत्यातली डबी तेवढी तिने उघडली नाही. टीमनेही ती कधी मागितली नाही. दया दाखवून निकाल दिल्यावर पुरावा बघत बसणं म्हणजे खाजवून खरूज काढणं. ते कोण करणार?

मग एक दिवस मालकांचा फोन आला. पुढच्या शर्यतीला, जेवणाच्या सुट्टीत, ताईचा सत्कार करायचा ठरला होता. मानचिन्ह, फुलांचा गुच्छ, पहिल्या रांगेत गादीची खुर्ची. "तू काही करायचं नाहीस बाळा. फक्त येऊन बसायचं."

मी कानात बोटं घालायच्या तयारीत होतो. पण ताई शांतपणे म्हणाली, "येते." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "चप्पल घाल. लॅपटॉप घ्यायचाय."

रस्त्यात तिने मला बेत सांगितला. डबीत ती शेवटची फेरी आहे. सत्काराच्या दिवशी, ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागी, म्हणजे पिटमध्ये, भिंतीवर लॅपटॉप ठेवून ती सगळ्यांसमोर उघडायची.

"ब्रेकची रेघ सरळ वर चढलेली दिसली तर ब्रेक लागला होता, म्हणजे चूक माझी," ती म्हणाली. "रेघ आडवी लोळत राहिली असेल तर मी दाबूनही दाब आला नाही, म्हणजे चूक मिस्त्रींची. मधलं काही नाही."

"मग घरी बघ ना आधी!" मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो. "माझं जुनं यंत्र आहे कचेरीत. दार लावून बघू. काय निघतंय ते बघू आणि मग ठरवू."

"म्हणूनच नाही बघायचं. माझी चूक निघाली तर मी तोंड उघडेन याची मला खात्री नाही. त्यांची निघाली तर तू मला उघडू देणार नाहीस. ज्यांच्यासमोर बोललं गेलं त्यांच्यासमोर बघायचं. उन्हात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तिला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी गुपचूप मागे चालत राहिलो.

दुकान थंडगार होतं आणि सगळे लॅपटॉप आरशासारखे चकचकत होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक विक्रेता पुढे आला. त्याने सवयीप्रमाणे माझ्याकडे बघून विचारलं, "सर, कशासाठी हवाय?"

"यांना विचारा," मी ताईकडे बोट केलं.

"शर्यतीसाठी," ताई म्हणाली.

त्याचा चेहरा खुलला. तो आम्हाला थेट कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे कळांखाली लाल, निळे, जांभळे दिवे लुकलुकणारे लॅपटॉप मांडले होते. एकाचं झाकण उघडलं तर पंखा असा सुटला की माझे केस उडाले. "शर्यतीच्या गेमसाठी याच्या तोडीचं काही नाही, मॅडम. ग्राफिक कार्ड बघा!"

"गेम नाही. खऱ्या शर्यतीचा डेटा वाचायचाय. नुसत्या रेघा असतात. रेघांना कशाला हवं ग्राफिक कार्ड? आणि हा पंखा ट्रॅकवरची धूळ आत ओढेल. दोन शर्यतींत याची चक्की होईल." ताईने झाकण मिटलं आणि डाव्या हाताच्या एका बोटाने पुन्हा उघडायला गेली. झाकणाबरोबर अख्खा लॅपटॉपच उचलला गेला. "नको."

"मॅडम, मी उघडून देतो ना."

"रोज येणार आहेस का ट्रॅकवर उघडायला?"

 ताई रांगेने सुरू झाली. प्रत्येक झाकण एका बोटाने उघडायचं. बूड उचललं गेलं की पुढचा. बिजागरी चांगली आणि बूड जड असेल तरच झाकण एका हाताने उघडतं, हे मला त्या दिवशी कळलं. बहुतेक सगळे नापास झाले. विक्रेता तिच्या मागून एकेक बंद करत येत होता.

जे उरले ते ताईने बाहेर आणायला सांगितले.

"बाहेर म्हणजे?"

"रस्त्यावर. या ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं. मला डोक्यावर ऊन असताना वाचायचंय."

विक्रेता आत जाऊन कोणालातरी विचारून आला. मग भर दुपारी, दुकानासमोर उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरच्या सीटवर एकेक लॅपटॉप ठेवून परीक्षा सुरू झाली. पहिला उघडला आणि ताई खळखळून हसली. पडद्यावर रेघाबिघा काही नव्हत्या. मागची पानाची टपरी, वीज खात्याचा खांब आणि आम्हा तिघांची तोंडं स्वच्छ दिसत होती. दुसऱ्याचा पडदा अंधूक. तिसरा बरा वाटला, तर ताईने पर्समधून काळा चष्मा काढून लावला. ट्रॅकवर चकाकी इतकी असते की तो चष्मा लावावाच लागतो. त्या चष्म्यातून तिसरा पडदा ठार काळा. मान तिरकी केली की दिसायचा, सरळ केली की नाहीसा. बघ्यांची गर्दी जमली. एक आजोबा पुढे आले आणि ताईच्या हाताकडे बघून म्हणाले, "काय झालं हो बिचारीच्या..."

"आजोबा, या चष्म्यातून बघा बरं, तुम्हाला काही दिसतं का?" ताईने चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला. आजोबांनी प्रामाणिकपणे बघितलं आणि काही दिसत नाही म्हणाले. लॅपटॉप परत आत गेला.

मला आता घाम फुटला होता आणि राग नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला होता. मुळात मी तापट माणूस. कचेरीत माझ्या टेबलासमोर रांग लागत नाही त्याचं कारण तेच. पण डॉक्टर म्हणाले होते, पेशंटला त्रास होईल असं बोलू नका. तेव्हापासून ताईशी बोलताना मी साखर पेरत होतो. "ताई, एखादा बारीक, हलका बघूया का? तुला उचलायला सोपा."

विक्रेत्याला हुरूप आला. त्याने पापडासारखा पातळ, रुपेरी लॅपटॉप आणला. सुंदर होता. झाकण एका बोटाने उघडलं. उन्हात दिसला, चष्म्यातून दिसला. मला वाटलं सुटलो. मग ताईने पर्समधून लॉगरची केबल काढली. जुन्या पद्धतीची, नेटवर्कच्या जाड तोंडाची. लॅपटॉपला दोनच बारीक भोकं होती.

"मध्ये एक जोडणी लावायची, मॅडम. सगळे तेच करतात."

"ती जोडणी धक्का लागला की सुटते. मी सगळ्यांसमोर उघडायला बसणार आणि अर्ध्यात सुटली तर? परत जोडेपर्यंत लोक म्हणणार, जाऊ दे, राहू दे. आणि हे सॉफ्टवेअर यावर चालतं का? विंडोज आहे यात?"

विंडोज नव्हतं. विक्रेत्याने कपाळ पुसलं. मग बराच विचार करून, चोरीचा माल दाखवावा तसा आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, मागे गोदामात काही जुने आहेत. कंपन्यांच्या ऑफिसांतून परत आलेले. आम्ही ते बाहेर मांडत नाही. दिसायला अगदीच..."

"आण."

तो जे घेऊन आला ते बघून मला आमच्या कचेरीची आठवण आली. काळा, जाडजूड, विटेसारखा. कोपरे घासलेले. पडदा मंद, खरखरीत, चकाकी नावाला नाही. कळांच्या मधोमध वाटाण्याएवढा लाल गोळा होता. त्यावर बोट ठेवून हलवलं की पडद्यावरचा बाण हलायचा, म्हणजे डाव्या हाताच्या बोटाला कुठे फिरायलाच नको. नेटवर्कचं जाड भोक होतं. झाकण एका बोटाने उघडलं आणि मागे पडत पडत पार सपाट झालं. बूड जागचं हललं नाही. उन्हात ठेवला. टपरी दिसली नाही, खांब दिसला नाही, आमची तोंडं दिसली नाहीत. फक्त पडद्यावरची अक्षरं दिसली. चष्मा लावला, तरी दिसली. बॅटरी काढून दुसरी घालता येत होती, आणि पिटच्या भिंतीला काही वीज नसते.

"आत मेमरी वाढवून दे आणि विंडोज सोडून बाकीचं सगळं काढून टाक," ताई म्हणाली. "हाच."

"पिशवी देऊ, मॅडम? नवी?" विक्रेता म्हणाला. तो लॅपटॉप असाच हातात घेऊन जाताना कोणी बघू नये असं त्याला वाटत असावं.

तिथून ताई घरी गेली नाही. बाजारामागच्या गल्लीत गेली. मिस्त्री पत्र्याच्या शेडमध्ये पंपाचं पोट उघडून बसले होते. ताईला बघून ते उठले, स्टूल पुसलं. "या ताई, बसा. पाणी घेणार?" त्यांच्या तोंडून "या, बसा" ऐकून ताईचा चेहरा कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला.

तिने लॉगर बाकावर ठेवला. पडताना त्याच्या तोंडातली एक पिन वाकली होती. केबल बसत नव्हती. "एवढी सरळ करून द्या."

मिस्त्रींनी डबी ओळखली. हातात घेतली नाही. "कशाला ताई? झालं ते झालं."

"तुम्हाला काय वाटतं, काय झालं?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी सकाळी मी ब्रेकचं तेल बदललं होतं. नळीतली एअर काढली होती. काढली होती म्हणजे... माझ्या मते सगळी काढली होती. एखादा बुडबुडा राहिला असेल तर लिव्हर नुसताच आत जातो, दाब येत नाही. मी आठवतो रोज. कधी आठवतं की शेवटी लिव्हर कडक लागला होता. कधी आठवतं की हात लावायचाच राहिला होता."

"मलाही आठवत नाही," ताई म्हणाली. "दोघांपैकी एकाचं असणार. मालक म्हणाले म्हणून तुमचं, हे मला चालणार नाही. तुमचं निघालं तर सगळ्यांसमोर तुम्हाला बोल लावीन. माझं निघालं तर तुम्ही लावा. याल?"

"नाही ताई. मला नका बोलावू."

पण त्यांनी नोज प्लायर घेतला, श्वास रोखून ती पिन सरळ केली आणि डबी ताईच्या डाव्या हातात दिली. उजव्या हाताकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

शर्यतीच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर मऊ लागत होतं. गादीची खुर्ची खरंच पहिल्या रांगेत मांडली होती, वर छत्रीसुद्धा. ताई खुर्चीकडे न बघता सरळ पुढे गेली आणि पिटच्या भिंतीपाशी थांबली. कमरेइतकी सिमेंटची भिंत. तिच्यावर तिने ती काळी वीट ठेवली, एका बोटाने झाकण उघडलं, केबल खोचली. गाड्या नुकत्याच आत आल्या होत्या. चालक, मेकॅनिक, टायरवाले, हेल्मेट काखेत मारलेली टीमची नवी मुलगी, सगळे हळूहळू गोळा झाले. लॉगर कोणाचा आहे हे एकाने ओळखलं आणि आवाज आपोआप खाली आले.

मालक लगबगीने आले. "अगं बाळा, या उन्हात कशाला? ऑफिसात एसी आहे. आपण चौघं शांतपणे बसून बघू."

"दवाखान्यात चौघं नव्हते, मालक. खोली भरली होती."

मी मान वर करून बघितलं. इंधनाच्या पिंपांपाशी मिस्त्री उभे होते. पंपाचं ग्रीस लागलेल्या कपड्यांतच आले होते. येताहेत की जाताहेत, कळत नव्हतं.  मला त्या क्षणी मनापासून वाटलं की रेघ आडवी निघावी. निघू दे मिस्त्रींची चूक. ते काय, पंप दुरुस्त करतच आहेत. ताईचा हात तिच्याच मूर्खपणाने गेला हे मला ऐकायचं नव्हतं, आणि आईला जाऊन सांगायचं तर अजिबात नव्हतं.

पडद्यावर फेऱ्यांची यादी आली. ताईने शेवटून दुसरी निवडली. निळ्या रेघा उमटल्या. "ही आदली फेरी. हा सरळ रस्ता, हा वेग. आणि ही खालची ब्रेकची. बघा, इथे पाटीच्या अलीकडे चढायला लागली." मग तिने शेवटची फेरी तिच्यावर ठेवली. लाल.

कोणाला मान तिरकी करावी लागली नाही. मागच्या रांगेतल्यालाही दिसलं. वेगाची लाल रेघ निळीच्या बरोबरीने आली, निळी खाली वळली तरी ही तशीच पुढे गेली. पाटी आली, पाटी गेली. आणि मग ब्रेकची लाल रेघ भिंतीसारखी सरळ, पूर्ण, टोकापर्यंत चढली. तिथेच वेग तुटला आणि पुढे नुसता गोंधळ.

 माझ्या मानेवरून घाम ओघळत होता.

"ब्रेक लागला होता," ताई मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज जरा फाटला, पण तिने तो सावरला नाही. "पुरता लागला होता. आदल्या फेरीपेक्षाही चांगला. मीच पाटीच्या पुढे जाऊन दाबला. पुढच्याला गाठायचं होतं म्हणून. चूक माझी."

मालकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ बाळा, डबी जुनी, पडलेली. यंत्राचं काय सांगावं? असं कशाला लावून घेतेस मनाला? तू काही..."

"मालक," ताईने खांदा सोडवून घेतला. "हात गेला तो गेला. चूक तरी माझी माझ्याकडे राहू द्या ना! मी पडून होते आणि तुम्ही ती उचलून दुसऱ्याला देऊन टाकलीत. तुमचं मन मोठं, मला माहीत आहे. पण मी बिचारी नाही. माझ्यावर काही कोसळलं नाही. मी शर्यत जिंकायला गेले आणि चुकले. मिस्त्रींच्या ब्रेकबद्दल या ट्रॅकवर पुन्हा कोणी शब्द काढला तर माझ्याशी गाठ आहे."

 गर्दी बाजूला झाली. मिस्त्री पुढे आले होते. त्यांनी शर्टाच्या पोटाला हात पुसले, भिंतीवर दोन्ही हात टेकले आणि पडद्यावर वाकले. ब्रेकची लाल रेघ त्यांनी बोटाने, पडद्याला न शिवता, खालून वर, पुन्हा खालून वर गिरवली.  मला वाटलं, आता म्हातारा रडणार.

"पाटीच्या पुढे?" ते म्हणाले.

"हो."

"पुढे?" त्यांचा आवाज चढला. "अगं गाढवे! पाटीच्या पुढे जागा आहे का तिथे? टाचणी पडायला जागा नाही तिथे, आणि तू ब्रेक दाबतेस? ब्रेक करून दिला होता मी, जादूची कांडी नव्हती दिली! वर्षभर मी नळीतला बुडबुडा शोधतोय, झोपेत शोधतोय, बायको उठून पाणी देते मला, आणि बुडबुडा कुठे? तुझ्या टाळक्यात! किती वेळा सांगितलं होतं, पाटी म्हणजे पाटी! एक दिवस जीव जाईल म्हणून सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं," ताई म्हणाली.

"मग कान काय हेल्मेट अडकवायला दिले होते देवाने?"

वर्षभरात ताईशी कोणी आवाज चढवून बोललं नव्हतं. सगळे अवघडून उभे होते. मालक तर मिस्त्रींना आवरायला निघाले होते. मी त्यांचा दंड धरला. कारण मी ताईचा चेहरा बघत होतो. ती मान ताठ करून उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचीही तसदी ती घेत नव्हती, आणि चेहरा असा फुलला होता की विचारू नका. मिस्त्री श्वास घ्यायला थांबले की ती वाट बघायची. मलाही बरंच काही बोलायचं होतं, वर्षभराचं साठलेलं. पण म्हाताऱ्याचा नंबर आधी होता.

तेवढ्यात भोंगा खरखरला. आजच्या सत्कारमूर्तींनी कृपया व्यासपीठावर यावं, अशी विनंती झाली. मिस्त्री थांबले नाहीत; त्यांनी आता आदली फेरी लावायला सांगितली होती आणि तिथेही ब्रेक उशिराच होता म्हणून नव्याने सुरुवात केली होती. विनंती पुन्हा झाली. पुष्पगुच्छ घेतलेला एक माणूस दुरून हात हलवू लागला.

ताईने पडद्यावरची नजर न काढता डाव्या हाताने मला ढोसलं.

"सांग त्यांना, थांबा म्हणावं," ती म्हणाली. "मी बोलणी खातेय."